दोनची बैठक, तीनचा पेपर

“चूक,” चिंगी म्हणाली.

“कशी काय चूक?” वहिनीने लेकीच्या हातातून पुस्तक ओढून घेतलं. “वाच परत. नीट वाच.”

“नीटच वाचलं, आई. मॅनेजरची एका कामगाराबद्दल तक्रार आहे. तो एचआरकडे येतो आणि म्हणतो, मला बोलायला अवघड जातं, तुम्हीच सांगा त्याला. एचआर अधिकारी काय करेल? तू म्हणालीस अ. कामगाराला बोलावून मीच शांतपणे समजावेन. उत्तर आहे क. मॅनेजरने स्वतः बोलावं म्हणून त्याची तयारी करून घेईन.”

“तयारी करून घेईन म्हणे! हे पुस्तक लिहिणाऱ्याने आयुष्यात एक तरी मॅनेजर पाहिलाय का? अगं, हा बाबा स्वतः बोलायला गेला की संध्याकाळच्या आत तो माणूस डबा उचलून घरी जाईल. मागोमाग त्याचा मेहुणा जाईल. मग नवी माणसं शोधत कोण फिरणार? मीच ना?”

“परीक्षेत तुला माणसं शोधायला कुणी सांगितलेलं नाही. फक्त क वर टिचकी मारायचीये.”

वहिनीने पुस्तक समोरच्या ढिगावर आपटलं. ढीग फोमच्या तुकड्यांचा होता, त्यामुळे आवाजही झाला नाही आणि तिचा राग आणखीच वाढला.

खाली गाद्यांचा कारखाना, वर घर, आणि घराच्या टोकाला ही नमुन्यांची खोली. कापलेला फोम, कव्हरच्या कापडांची थप्पी, चेनची रिळं, आणि या सगळ्यात कशीबशी एक खुर्ची. गेले कित्येक आठवडे वहिनी इथे दार लावून अभ्यास करत होती. दाराला कडी होती, पण या घरातल्या माणसांना बंद दार म्हणजे काय ते समजत नसे. ‘अभ्यास चाललाय का? चालू दे, चालू दे, फक्त एवढंच सांग,’ असं म्हणत जो तो आत येई आणि त्याचं एवढंसं चहा गार होईपर्यंत संपत नसे.

दोनदा ती या एचआरच्या प्रमाणपत्र परीक्षेत आपटली होती. कायदे, रजांचे नियम, भरतीच्या पायऱ्या सगळं तोंडपाठ. झोपेतून उठवून विचारा. पण प्रश्नात दोन माणसं आली आणि त्यांचं काही बिनसलेलं असलं, की हिचा हात आपोआप त्या उत्तराकडे जाई जिथे एचआरवाली बाई मध्ये पडून सगळं स्वतःच्या अंगावर घेते. सवयच ती. लग्न होऊन आली तेव्हा ती एकट्या दिराची वहिनी होती. मग शिवणखात्यातल्या बायका वहिनी म्हणायला लागल्या, मग फोम पुरवणारे, मग बँकेतला माणूस. कुणाची रजा, कुणाची उचल, कुणाचं भांडण, सगळं वहिनीकडे.

दोनदा नापास झाली त्याचं घरात कुणाला काही वाटलं नव्हतं. हौस आहे बिचारीला, देते परीक्षा, असं सगळे धरून चालले होते. यावेळी मात्र गोष्ट वेगळी होती आणि ती फक्त चिंगीला माहीत होती. गावातल्या मोठ्या रुग्णालयात एचआरची जागा निघाली होती. मुलाखत झाली होती, त्यांना वहिनी पसंत होती. प्रमाणपत्र आणा आणि कामावर या, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. पुढची परीक्षा थेट सहा महिन्यांनी. तोवर ती खुर्ची काय हिच्यासाठी रिकामी राहणार होती?

“पुढचा विचारू?” चिंगीने घड्याळ पाहिलं. “अडीचला निघायचंय. तीनला पेपर.”

तेवढ्यात कडी न वाजवता दार उघडलं. जाऊ आत आली. ही धाकटी जाऊ ड्रायव्हिंग स्कूल चालवायची, आणि दिवसभर शेजारी बसलेल्या शिकाऊ माणसांवर ओरडून तिचा आवाज कायमचा एक पट्टी वर गेलेला.

“ताई, अप्पांच्या खोलीत खुर्च्या किती लावू? अप्पा धरून पाच बास ना?”

“कसल्या खुर्च्या?”

“बैठकीच्या! दोनची बैठक ना आज? अप्पा काय ते कारखान्याचं सांगणार आहेत.” जावेने वहिनीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “असं काय बघताय? वेळ तुम्हीच तर ठरवलीत. हे म्हणाले, वहिनींनीच येऊन रविवार विचारला आणि दोन ठरले.”

वहिनी खुर्चीत बसली होती ती आणखी खाली बसली.

आता हे कसं झालं ते सांगायचं तर या घरातली एक तऱ्हा सांगावी लागते. थोरला, म्हणजे वहिनीचा नवरा, आणि धाकटा, म्हणजे तिचा दीर, एकमेकांशी बोलत नसत. थोरल्याने एकदा कुणालाही न विचारता गाद्यांवर नक्षी शिवायचं जुनं मशीन उचलून आणलं. ते महिनाभरात बंद पडलं. धाकटा सगळ्या कामगारांच्या देखत त्याला अडाणी म्हणाला, थोरल्याने त्याला चालता हो म्हटलं, आणि विषय तिथे संपायच्या ऐवजी बोलणंच संपलं. चिंगी तेव्हा शाळेत जायची, आता तिचं कॉलेज संपत आलं. पण कारखाना दोघांनाही सोडायचा नव्हता. ऑफिस एक, टेबलं समोरासमोर. थोरला म्हणे, ‘त्याला विचार, कापड कधी येतंय.’ त्याला म्हणजे कुणाला? समोर बसलेल्याला! हात लांब केला तर नाकाला लागेल इतक्या जवळ बसलेल्याला! मग वहिनी तोंड इकडचं तिकडे वळवून म्हणे, ‘भाऊजी, कापड कधी येतंय?’ आणि धाकटा म्हणे, ‘दादाला सांगा, गुरुवारी.’

बुधवारीही तेच झालं होतं. वहिनी भरतीचा धडा पाठ करत जिन्यावरून चालली होती. नवरा म्हणाला, ‘त्याला विचार, अप्पांच्या बैठकीला रविवार चालेल का.’ तिने खाली जाऊन विचारलं. दीर म्हणाला, ‘सकाळी नको, दोनला ठेवा.’ तिने वर येऊन सांगितलं. नवरा बरं म्हणाला. आणि ती पुन्हा धडा म्हणत निघून गेली. इतकी वर्षं निरोप वाहून वाहून तिला अशी सवय लागली होती की कानातून आत गेलेलं थेट तोंडातून बाहेर पडायचं, मध्ये डोक्यात थांबायचंच नाही. स्वतःच्या पेपरवर बैठक तिने स्वतःच नेऊन ठेवली होती.

“माझ्यासारखी मूर्ख बाई शोधून सापडायची नाही,” वहिनी म्हणाली.

“आई, आत्ताच जा आणि सांग,” चिंगी म्हणाली. “संध्याकाळी ठेवा म्हणावं.”

ती गेली. नवरा गॅलरीत पेपर वाचत होता.

“अहो, बैठक संध्याकाळी घेऊ या. माझी आज परीक्षा आहे.”

“आज आहे होय? माझी काही हरकत नाही. त्याला विचार.”

दीर जिन्यात फोनवर होता. तिने विचारलं. “छे हो वहिनी, चार वाजता गिऱ्हाईक येतंय, हॉटेलवालं, मोठं काम आहे. दादाला सांगा, बदलायची होती तर आधी सांगायचं.”

ती पुन्हा गॅलरीत. “भाऊजींना चारला गिऱ्हाईक आहे.”

“मग त्याला म्हणावं, गिऱ्हाईक उद्या बोलव. माझं कुणी कधी ऐकतं का या घरात?”

पुन्हा जिना. पुन्हा गॅलरी. तिसऱ्या फेरीला तिच्या लक्षात आलं की आपण आपल्याच परीक्षेसाठी आपलाच निरोप घेऊन पळतोय, आणि ती गॅलरीच्या दारात उभी राहिली.

“अहो, तुम्ही उठून चार पावलं चालत जिन्यात का जात नाही?”

“आता हे काय नवीन?” थोरल्याने पेपर खाली केला. तो वाईट माणूस नव्हता. कुणी आजारी पडलं तर वेळेवर औषध देणारा, लेकीला सोडायला जाणारा, बायकोवर कधी हात सोडा, आवाजही न चढवणारा. “हे बघ, एवढं मनाला लावून नको घेऊस. परीक्षा काय, परत येते. दोनदा दिलीस, तिसऱ्यांदा देशील. पण तूच नसलीस तर आम्ही बोलायचं कसं?”

हे त्याने इतक्या साधेपणाने विचारलं की वहिनी आल्या पावली मागे वळली.

शेवटी अप्पांनीच तोडगा काढला. सासऱ्यांना आपल्या खोलीत बसल्या बसल्या सगळ्या घरातलं ऐकू येई. “सूनबाई,” त्यांनी आवाज दिला, “दोनला बसू. मी फार लांबवत नाही. अडीचला तू मोकळी. मग तर झालं?”

तर झालं कसलं! पण ती बसली. परीक्षेचं ओळखपत्र पर्समध्ये, पर्स मांडीवर, आणि डोळा घड्याळावर.

अप्पांची खोली कारखान्याच्या बरोबर वर. खाली मशीनं चालू असली की तिथली जमीन थरथरायची. आज सुट्टी होती म्हणून सगळं गप्प. एका भिंतीला थोरला, समोरच्या भिंतीला धाकटा, आणि मधली खुर्ची न सांगता वहिनीसाठी सोडलेली. जाऊ दाराशी. चिंगीला बोलावलं नव्हतं, तरी ती दाराच्या चौकटीला टेकून उभी.

अप्पांनी सुरुवात केली ती पहिल्या शिलाई मशीनपासून. पहिली खोली, पहिला कामगार, पहिली गादी जी उलटी शिवली गेली होती. दोन वाजून वीस मिनिटं झाली तरी अप्पा अजून तरुणच होते.

“अप्पा,” वहिनी म्हणाली, “मला निघायचंय हो.”

“तेच सांगतोय. तर, उद्यापासून मी खाली उतरणार नाही. गुडघे साथ देत नाहीत. कारखाना दोघांच्या नावावर करतोय, बरोबरीने. लोक मला म्हणतात, अप्पा, ही दोघं भांडून सगळं मातीत घालतील. मी म्हटलं, मुळीच नाही. का?” त्यांनी हात पुढे केला, वहिनीकडे. “मध्ये सूनबाई आहे. ती आहे तोवर मला घोर नाही.”

थोरल्याने मान डोलावली. धाकट्यानेही मान डोलावली. इतक्या वर्षांत त्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि ती गोष्ट वहिनी होती.

“ताईंना विचारलंत का?” दारातून जाऊ म्हणाली.

“त्यात काय विचारायचं? ती करतेच आहे की,” अप्पा म्हणाले.

वहिनीची कानशिलं तापली. करतेच आहे की! क्षणभर, अगदी क्षणभर, अप्पांनी हात पुढे केला तेव्हा तिला वाटलं होतं की आज काहीतरी आपल्यासाठी आहे. निदान एक शब्द तरी.

“अप्पा, मी नसेन,” ती म्हणाली.

“कुठे नसशील?”

“इथे. कारखान्यात. रुग्णालयात नोकरी मिळतेय मला. आज पास झाले तर पुढच्या महिन्यापासून जाणार.”

थोरला ताडकन उठला. “आणि मला सांगितलं नाहीस? नवऱ्याला?”

“तुम्हाला सांगायला कुणाला पाठवायचं होतं?” वहिनीचा आवाज तिलाच ओळखू येईना. “या घरात निरोप न्यायला एकच माणूस आहे. ते मीच!”

“वहिनी,” धाकटा पुढे सरसावला, “दादाला सांगा, बायकोला इतकं राबवल्यावर दुसरं काय होणार होतं!”

“त्याला म्हणावं, राबवलं कुणी ते आधी आरशात बघ!” थोरला म्हणाला. “दर दहा मिनिटांनी वहिनी वहिनी कोण करतं?”

आणि मग दोघंही थांबले. दोघंही तिच्याकडे बघत होते. कानांवर पांढरे केस आलेले दोन बाप्ये, चेहरे लाल झालेले, आणि वाट बघतायत की कधी ही बाई तोंड वळवते आणि निरोप पोचवते. खरंच वाट बघत होते! वहिनीच्या ओठांवर शब्द आलेही होते, भाऊजी, हे म्हणतायत की, इथपर्यंत. तिने ते दातांनी अडवले.

“ऐकलंत ना दोघांनी? मग माझ्याकडे काय बघताय?”

थोरला परत खुर्चीत बसला.

“सूनबाई,” अप्पा म्हणाले. आवाज एकदम उतरलेला होता. “असं नको करूस. उभं आयुष्य घातलंय मी यात. तू गेलीस तर हे चालायचं कसं?”

हे मात्र तिला लागलं. अप्पांची हाक तिने आजवर कधी ऐकून न ऐकल्यासारखी केली नव्हती. ती पाण्याचा पेला द्यायला पुढे झाली, आणि पेला देता देता तिथेच स्टुलावर टेकली. घड्याळात अडीच वाजून गेले होते. आता बसलं की झालं. तिला ते कळत होतं आणि तरी उठवत नव्हतं.

“अप्पा, एक बोलू? रागावू नका.”

“बोल.”

“ज्या दिवशी हे दोघं भांडले ना, त्या दिवशी संध्याकाळी दोघांनाही एकमेकांशी काम होतं. ट्रक भरायचा होता. घेतली असती माघार कुणीतरी, बोलले असते झक मारत. पण तुम्ही मला हाक मारलीत. म्हणालात, सूनबाई, जरा धाकट्याला विचारून ये. मी विचारून आले. तेव्हापासून विचारूनच येतेय.”

अप्पांनी पेला खाली ठेवला. त्यांनी एकदा या मुलाकडे पाहिलं, एकदा त्या मुलाकडे, आणि मग खिडकीकडे तोंड केलं. मग खिडकीकडे बघतच म्हणाले, “कितीला आहे तुझा पेपर?”

“तीनला.”

“मग अजून इथे काय करतेस?”

“चला ताई!” जावेने किल्ली काढली. “मी सोडते.”

“अगं, मग निदान तू तरी बस इथे,” धाकटा बायकोला म्हणाला. “दादाला एक-दोन गोष्टी विचारायच्यात.”

“मी?” जावेचा आवाज खालच्या कारखान्यापर्यंत गेला असेल. “ताई गेल्या की हे लोढणं माझ्या गळ्यात येणार, हे मला लग्न होऊन आले तेव्हापासून दिसतंय. नाव काढू नका. चिंगे, तूही बाहेर हो तिथून, नाहीतर तुला धरतील.”

चिंगी उडी मारूनच बाहेर आली. तिघी जिना उतरल्या तेव्हा वरून काहीच आवाज येत नव्हता.

गाडी ड्रायव्हिंग स्कूलची, टपावर शिकाऊ म्हणून पाटी. त्या पाटीखाली बसून जावेने जी काही गाडी हाणली, ती बघून तिच्या एखाद्या विद्यार्थ्याने फी परत मागितली असती. सिग्नलला वहिनी म्हणाली, “अप्पांना गोळी द्यायची राहिली.”

“देतील कुणीतरी.”

“हॉटेलवाल्यांचे नमुने खाली कपाटात आहेत. भाऊजींना माहीत नाही. यांना माहीत आहे.”

“ताई,” जाऊ म्हणाली, “आता तोंडातून एक जरी शब्द काढलात ना, तर इथेच उतरवेन.”

मागच्या सीटवरून चिंगी म्हणाली, “आणि प्रश्नात कुणी म्हणालं, तुम्हीच सांगा त्याला—”

“माहितीये!” वहिनी ओरडली.

परीक्षा केंद्राचं दार बंद करता करता तिला आत घेतलं. फोन बाहेरच्या खणात ठेवून घेतला. पंखे, रांगेत मांडलेले संगणक, शेजारी एक पोरगेला मुलगा ज्याचे पाय सारखे हलत होते. पहिले प्रश्न तिने नेहमीसारखे सोडवले. मग ती माणसं यायला लागली. एका पर्यवेक्षकाला दुसऱ्याशी बोलायचं नाही. एका साहेबाला वाईट बातमी स्वतः द्यायची नाही. एका विभागप्रमुखाला वाटतं, एचआरने मध्ये पडून मिटवावं. एरवी या माणसांची तिला दया यायची. आज तिच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. बोल की मेल्या स्वतः! तोंड दिलंय ना? पगार कशाचा घेतोस? दातओठ खात ती उत्तरावर टिचकी मारी आणि पुढच्यावर तुटून पडे. असा रागारागात पेपर तिने जन्मात सोडवला नव्हता. वेळ शिल्लक होता तरी तिने परत तपासला नाही, शेवटचं बटण दाबलं आणि डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा पडद्यावर उत्तीर्ण असं लिहिलेलं होतं.

तिने ते दोनदा वाचलं. मग शेजारच्या मुलाचे पाय हलायचे थांबले, कारण ही बाई तोंडाला पदर लावून रडत होती.

बाहेर येऊन तिने खणातला फोन घेतला आणि जिन्यातच चालू केला. तो हातात गुरगुरायला लागला. नवऱ्याचे निरोप, दिराचे निरोप, एकाखाली एक. कसा गेला पेपर? छे! ‘त्याला विचार, हॉटेलवाल्यांना भाव काय सांगितलाय.’ ‘वहिनी, दादाला विचारा, नमुने कुठे ठेवलेत, गिऱ्हाईक येऊन बसलंय.’ ‘त्याला सांग, नमुने माझ्याकडे आहेत, हवे तर माग म्हणावं.’ ‘वहिनी, लवकर विचारा हो.’ दोघंही त्याच घरात, त्याच छपराखाली, आणि फोनवर अंगठे मारत बसलेले.

खाली गाडीत जाऊ आणि चिंगी माना उंच करून जिन्याकडे बघत होत्या. वहिनीने त्यांना थांबा म्हणून हात केला. मग पायरीवर बसून तिने नवऱ्याला एक नंबर पाठवला. दिराला दुसरा पाठवला. बाकी काही लिहिलं नाही.

मिनिटभरात फोन वाजला. नवरा होता.

“अगं, हा नंबर कुणाचा पाठवलास?”

“तुमच्या भावाचा,” वहिनी म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.